पोहून आलं की वडापाव, पळून आलं की पाणीसुद्धा नको! असं का?

तळ्यातमळ्यात

नमस्कार मंडळी. चार वर्षं नुसती वाचनमात्र आहे. पहिलाच धागा, सांभाळून घ्या. आधी असा धागा येऊन गेला असेल तर तिकडे हाकला, मी निमूट जाईन.

वय ४६, मुक्काम पुणे, नोकरी खुर्चीतली. ऑगस्टपासून आठवड्यातले तीन दिवस सकाळी सहाच्या बॅचला पोहायला जाते. दोन दिवस टेकडीवर पळते, म्हणजे पळते कमी आणि धापा जास्त टाकते. शनिवारी सोसायटीच्या जिममध्ये एक मुलगा येतो, तो आम्हा पाच बायकांकडून वजनं उचलून घेतो.

तर गंमत अशी की टेकडीवरून घामाघूम होऊन आले की दीड-दोन तास अन्नाकडे बघवत नाही. नवऱ्याने पोहे केले तर फोडणीचा वाससुद्धा नको होतो. आणि पोहून आले की? केस पुसून होत नाहीत तोवर पोटात कावळे. कावळे कसले, गिधाडंच म्हणा! तलावाच्या फाटकाबाहेर वडापावची गाडी लागते. त्याचा पहिला घाणा साडेसातला निघतो आणि माझं आवरून होतं सव्वासातला. ती पंधरा मिनिटं मी ओल्या केसांनी, पिशवी खांद्याला लावून, त्याच्या कढईकडे बघत काढते. पीठ लावलेला गोळा तेलात सोडताना जो आवाज येतो ना, तेव्हा मला बाकी काही ऐकू येत नाही. दोन वडापाव उभ्या-उभ्या, वर तळलेली मिरची. शिवाय घरी येऊन नाश्ता आहेच.

ऑगस्टात वजन ७१ होतं, आता साडेबाहत्तर आहे. व्यायाम करून वजन वाढवणारी मी एकटीच, की आणखी कोणी आहे? पाण्यातच काही आहे, की मीच हावरट? वजनं उचलल्यावर मात्र भूक ना इकडची ना तिकडची, अगदी नेहमीसारखी. तिन्ही व्यायाम तेच शरीर करतंय, मग भुकेचे तीन नखरे कशाला?

निशाचर

पहिला घाणा साडेसातला? तलावाचं नाव-गाव कळवा. बाकी चर्चा चालू द्या.

कडूलिंब

यात शास्त्र-बिस्त्र काही नाही. मनाचे खेळ आहेत. टेकडीवर वडापावची गाडी नाही, तलावापाशी आहे, एवढंच. गाडी टेकडीवर लावली असती तर तिथेही कावळे ओरडले असते. माणूस व्यायाम करतो आणि मग स्वतःला बक्षीस देतो. आमच्या वेळी लोक राबायचे आणि पानात पडेल ते खायचे. भुकेचे नखरे करायला वेळ कोणाला होता?

भाकरतुकडा

कडूलिंब, बक्षिसाच्या मुद्द्याला अनुमोदन. आमचा सात जणांचा ग्रुप गेली नऊ वर्षं दर रविवारी सिंहगड चढतो. वर पोचल्यावर पिठलं-भाकरी, कांदाभजी, मडक्यातलं दही, आणि उतरताना 'घसा कोरडा पडला' म्हणून ताक. नऊ वर्षांत सातांपैकी एकाचंही वजन उतरलेलं नाही. एकाचं वाढलंय, तो मी.

पण एक सांगतो. वर पोचल्या-पोचल्या कोणीही खात नाही. आधी अर्धा तास नुसतं वाऱ्याला बसतो, पाणी पितो. ज्या रविवारी पैज लावून भराभर चढतो त्या दिवशी तर भाकरी अर्धी टाकून द्यावी लागते. रमतगमत गेलो की तीच भाकरी दीड जाते. हे बक्षिसाच्या हिशोबात कसं बसवायचं?

प्रयोगवही

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते, त्यामुळे या धाग्यावर गप्प बसणं अवघड. कडूलिंब यांच्या गाडीवाल्या मुद्द्यात तथ्य आहे, पण गोष्ट तेवढ्यावर संपत नाही.

भुकेचा निरोप पोटातून मेंदूकडे नेणारं एक संप्रेरक आहे, घ्रेलिन. १९९९ साली जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांच्या गटाला ते उंदराच्या जठरात सापडलं. जेवणाच्या वेळेआधी ते रक्तात चढतं, जेवलं की उतरतं. उलट बाजूला 'पुरे आता' सांगणारी संप्रेरकं आतड्यातून सुटतात. पीवायवाय हे त्यातलं एक, जीएलपी-१ हे दुसरं. हल्ली वजनाची जी इंजेक्शनं गाजतायत ती या दुसऱ्याचीच नक्कल करतात.

आता जोरात व्यायाम केला, म्हणजे धड एक वाक्य पूर्ण बोलता येणार नाही इतका, की कामाचं घ्रेलिन (म्हणजे त्याचं भूक लावणारं, सक्रिय रूप) खाली येतं आणि 'पुरे' म्हणणारे दोघं वर जातात. शिवाय त्या वेळी रक्ताचा ओघ पायांच्या स्नायूंकडे आणि कातडीकडे असतो, पोटाच्या वाट्याला कमी येतं. म्हणून टेकडीनंतर पोह्यांचा वास नको होतो. हा परिणाम साधारण अर्धा-एक तास टिकतो, कोणाचा थोडा जास्त. सावकाश चालण्याने हे फारसं होत नाही. भाकरतुकडा, तुमची अर्धी भाकरी आणि दीड भाकरी यांचा हिशोब इथे लागतो.

वजनांबद्दल: इंग्लंडमध्ये लफबरो विद्यापीठात ११ तरुणांवर एक प्रयोग झाला होता, २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एक दिवस तासभर पट्ट्यावर पळायचं, एक दिवस दीड तास वजनं उचलायची, एक दिवस नुसतं बसायचं. पळणं आणि वजनं दोन्ही करताना भूक कमी झाली, घ्रेलिनही उतरलं. पीवायवाय मात्र फक्त पळाल्यावर वाढलं. म्हणजे वजनं भुकेला दाबतात, पण एकाच हाताने. आणि सोसायटीच्या जिममध्ये दोन सेटच्या मध्ये गप्पा होत असतील तर तेवढंही नाही. (हलकेच घ्या.)

आता पाणी. फ्लोरिडातला २००५ चा प्रयोग आहे. ११ पुरुषांना पाण्यात बुडवलेल्या सायकलवर ४५ मिनिटं पॅडल मारायला लावलं. एकदा पाणी ३३ अंश, एकदा २० अंश. मेहनत दोन्हीकडे सारखी. नंतर समोर अन्न ठेवलं आणि हवं तेवढं खा म्हटलं. गार पाण्यातून आलेल्यांनी कोमट पाण्याच्या तुलनेत ४४ टक्के जास्त खाल्लं. कोमट पाण्याच्या दिवशीचं खाणं आणि काहीच न केलेल्या दिवशीचं खाणं जवळजवळ सारखं होतं. सायकल तीच, माणसं तीच. बदललं ते फक्त पाण्याचं तापमान.

तळ्यातमळ्यात, तुमच्या तलावाचं पाणी किती गार आहे?

तळ्यातमळ्यात

बाप रे. इतकं सविस्तर! पाणी किती गार ते आकड्यात माहीत नाही, पण सप्टेंबरात आम्ही बिनधास्त उड्या मारायचो आणि आता काठावर पाच मिनिटं देवाचं नाव घेत उभ्या असतो. आणि हो, आता आठवतंय, सप्टेंबरात एकच वडापाव व्हायचा. दोनचा घोळ दिवाळीनंतरचा.

कडूलिंब

११ पुरुष, ११ तरुण. अकरा-अकरा जणांवर जगाचे नियम ठरणार? क्रिकेटची टीम आहे का?

प्रयोगवही

रास्त शंका. असे प्रयोग लहानच असतात, कारण माणसाला आठ-आठ तास खोलीत बसवून दर थोड्या वेळाने रक्त काढायचं असतं. मात्र जोरदार व्यायामाने थोडा वेळ भूक दबते, हे १९९० च्या दशकापासून वेगवेगळ्या ठिकाणी पुन्हा-पुन्हा दिसलंय. पोहण्याचं चित्र तितकं स्वच्छ नाही. लफबरोच्याच दोन प्रयोगांपैकी एकात पोहल्यानंतर काही तासांनी भूक जास्त वाटली, पण ताटातलं अन्न काही लक्षात येईल इतकं वाढलं नाही. पुढच्यात, ज्यात बत्तीस जण होते, पोहल्यावर आरामाच्या दिवसापेक्षा जास्त खाल्लं गेलं. तेव्हा 'गार पाणी भूक वाढवतं' याचा पुरावा बरा आहे, 'पोहणं भूक वाढवतं' याचा मध्यम. आणि 'गाडी फाटकाबाहेर असल्याने भूक वाढते' याला तुमचा शब्द पुरेसा आहे.

तालीमवाला

राम राम. कोल्हापूरचा. वडील तालमीतले, मी पण सात वर्षं हौद्यात होतो. मी काय डॉक्टर न्हवं, बघितलेलं सांगतो.

पहाटे चारला उठायचं. जोर, बैठका, सपाट्या, मग लाल मातीत लढती. मेहनत संपली की अंगातनं वाफा निघायच्या. त्या वेळी कुणाला भाकरी दावली तरी पोरगं तोंड फिरवायचं. म्हणून तर थंडाई. रात्री भिजत घातलेले बदाम, खसखस, बडीशेप, चार मिरी, दगडी कुंडीत लाकडी घोटण्यानं घोटायचं, एक गडी कुंडी पायात धरून बसणार आणि दुसरा दूध ओतणार. ते पिताना चावायचं काम नाही, पोटात जातंय ते कळत नाही. आम्हाला वाटायचं बदामानं ताकद येती म्हणून पितात. आज प्रयोगवही ताईंचं वाचून वाटलं, जुन्या वस्तादांनी भूक मरती हे ओळखून खाण्याचं पिणं केलेलं होतं.

खरी भूक लागायची अकराच्या पुढं. मग जे बसायचं ते बसायचं. जेवण, झोप, परत चारला मेहनत.

पण या धाग्यावर कुणी जे लिहिलं नाही ते लिहितो. तालीम सुटती, खुराक सुटत नाही. माझे वडील एकोणतिसाव्या वर्षी गुडघा निकामी होऊन बाहेर पडले. दूध आणि तूप मात्र चालूच. त्यांना भूक लागायची हो, खोटी नाही, लागायचीच. पाच वर्षांत अंग असं सुटलं की सायकलवर बसायला लाज वाटायची त्यांना. शेजारी म्हणायचे पैलवान अजून दांडगा दिसतोय. मी पंचविसाव्या वर्षी बाहेर पडलो तेव्हा पहिल्या दिवशीच आईला सांगितलं, माझा तांब्या फोड.

सांजवात

तालीमवाला, शेवटचं वाक्य दोनदा वाचलं.

फिरस्ता

तालीमवाला यांनी जे सांगितलं त्याचं जुनं संशोधन आपल्याच देशात झालेलं आहे. १९५६ साली ज्याँ मेयर आणि सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधल्या एका ज्यूट गिरणीतल्या २१३ कामगारांचं खाणं, वजन आणि काम यांची सांगड घातली. एका टोकाला गाठी वाहणारे हमाल, दुसऱ्या टोकाला दिवसभर बसून असणारे कारकून आणि दुकानदार. हलक्या कामापासून जड कामापर्यंत जावं तसं खाणं वाढत जातं आणि वजन साधारण सारखं राहतं. इथपर्यंत सरळ आहे. मात्र अगदी बैठे लोक हलकं काम करणाऱ्यांपेक्षा *जास्त* खात होते आणि वजनानेही भारी होते.

म्हणजे भुकेचा तराजू ठरावीक हालचालीच्या वर नीट चालतो. त्याच्या खाली गेलात की काटा अडकतो. कारकुनाला भूक कमी लागायला हवी होती, ती लागलीच नाही कमी. मला वाटतं आपण सगळे त्या गिरणीतल्या कारकुनाच्या बाकावर बसलोय. तालीमवाल्यांचे वडील हमालांच्या रांगेतून एका दिवसात त्या बाकावर आले.

कडूलिंब

हे आवडलं. आणि माझ्या बाजूचंच आहे. राबणारा माणूस नखरे करत नाही.

फिरस्ता

अहो, पण तुमच्या बाजूचं नसलेलंही एक आहे. टांझानियातले हाड्झा लोक अजून शिकार आणि कंदमुळांवर जगतात, रोज मैलोन्मैल चालतात. हर्मन पॉन्ट्झर यांच्या गटाने २०१२ मध्ये मोजलं तर अंगाच्या आकारमानाचा फरक वजा केल्यावर त्यांचा दिवसाचा एकूण ऊर्जाखर्च अमेरिकेतल्या खुर्चीवाल्यांच्या जवळपासच निघाला. शरीर दुसरीकडे कुठेतरी काटकसर करत असावं असा त्यांचा तर्क आहे. त्यावर वाद आहेत. तेव्हा 'पूर्वी लोक राबायचे म्हणून बारीक होते' हे तितकं सोपं नाही. ताटात काय पडत होतं आणि किती पडत होतं, तेही बघावं लागतं.

बर्फातला_बाब्या

एडमंटनहून. गार पाण्याचं वाचून हसू आलं. इथे जानेवारीत दारातला बर्फ फावड्याने तासभर ओढला की मी उभ्या-उभ्या अर्धी पुरणपोळीची चळत संपवू शकतो (फ्रीझरमधल्या, बायकोच्या मावशीने पाठवलेल्या). तीच मेहनत जुलैत बागेत केली की फक्त कलिंगड. वर्षानुवर्षांचा अनुभव आहे, माझ्यावर प्रयोग करायचा तर या.

एकसष्टी

माझी शंका जरा वेगळी. मधुमेह आहे, गोळ्या चालू. डॉक्टरांनी संध्याकाळी चालायला सांगितलं म्हणून गेला महिनाभर पाऊण तास भराभर चालतो. परत येताना कोपऱ्यावरच्या डेअरीपाशी इतकी भूक लागते की हात थरथरतात, घाम येतो. तिथे पेढा खाल्ला की बरं वाटतं. बायको म्हणते पेढा खायचं निमित्त. तर हेही घ्रेलिनच का?

जेवणानंतर_दोन

काका, हे घ्रेलिन नाही. ही भूक नव्हे, साखर खाली गेल्याची लक्षणं असू शकतात. तुमच्या गोळ्यांमध्ये ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असं काही आहे का बघा. त्या गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर व्यायामानंतर उतरू शकते. पुढच्या वेळी थरथर सुटली की घरच्या यंत्रावर मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत मोजायचं. पेढा नको, त्यातल्या तुपामुळे साखर रक्तात पोचायला उशीर लागतो. चालायला जाताना खिशात ग्लुकोजच्या गोळ्या किंवा साखरेची पुडी ठेवा. आणि याच आठवड्यात तुमच्या डॉक्टरांना गाठा, गोळीचा डोस किंवा वेळ बदलावी लागेल. चालणं मात्र सोडू नका.

वहिनींना सांगा, निमित्त नव्हतं.

एकसष्टी

गोळीच्या पाकिटावर ग्लिमेपिराइड आहे. उद्याच जातो. बायकोला हा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला, दोनदा.

रिंगण

वारीचा अनुभव सांगू का? दोनदा आळंदी ते पंढरपूर पूर्ण चाललेय. पुण्याहून सासवडचा टप्पा, दिवेघाटासकट बत्तीसेक किलोमीटर. त्या रात्री मी चार घास खाऊन आडवी झाले. दुसऱ्या दिवशीही तसंच. मला वाटलं वा, वजन उतरणार. जेजुरी मागे पडली आणि मग जी भूक उसळली! दिंडीत पंगतीला बसलं की वाढणारी माउली विचारायची, आणि मी नको म्हणायची विसरून जायची. पिठलं, भात, बुंदी, जे येईल ते. पंढरपुरात पोचले तेव्हा चपला झिजल्या होत्या, वजन जेमतेम किलोभर.

म्हणजे भूक त्या दिवशी येत नाही, नंतर उधारी वसूल करायला येते, असं काही असतं का?

प्रयोगवही

अगदी असंच असतं. एक दिवस व्यायाम केला तर त्याच दिवशी खाणं सहसा वाढत नाही. रोज करत राहिलात तर आठवडा-पंधरा दिवसांत खाणं हळूहळू वर सरकतं, खर्च झालेल्याचा काही भाग भरून काढतं. सगळा नाही, म्हणून तुमचा तो किलोभर.

यावरून दुसरी एक बाजू. हजारेक कॅलरींची तूट एक दिवस जेवण कापून आणली आणि एक दिवस व्यायाम करून आणली, तर जेवण कापलेल्या दिवशी भूक आणि घ्रेलिन लगेच उसळतात. व्यायामाच्या दिवशी नाही उसळत. पुरुषांत दिसलं, नंतर बायकांमध्येही तपासलं, तेच. त्यामुळे 'बायकांना व्यायामाने जास्त भूक लागते' असं जे जिममध्ये ऐकू येतं, त्याला या प्रयोगांत आधार मिळाला नाही.

भाकरतुकडा

मग काहींचं उतरतं आणि काहींचं का नाही? आमच्या सातांत एक जण माझ्याइतकंच खातो, माझ्याइतकंच चढतो.

प्रयोगवही

माझ्याइतकंच खातो हे तुम्ही रविवारी बघता, सोमवार ते शनिवार नाही. :)

पण प्रश्न खरा आहे. लीड्सच्या गटाने २००८ मध्ये ३५ वजनदार लोकांना १२ आठवडे देखरेखीखाली व्यायाम करवला. सरासरी ३.७ किलो उतरले. आता त्या सरासरीच्या आत बघा. एकाचे १४.७ किलो उतरले आणि एकाचं १.७ किलो *वाढलं*. ज्यांचं कमी उतरलं त्यांची भूक आणि खाणं दोन्ही वाढले होते. तळ्यातमळ्यात, तुम्ही एकट्या नाही, आणि हावरट हा शब्द तर मागेच घ्या.

अवांतर, पण राहवत नाही. २०२२ मध्ये 'नेचर'मध्ये एक मजेशीर शोध आला. जोरदार व्यायामात स्नायूंत लॅक्टेट साठतं, ते फेनिलअ‍ॅलनिन नावाच्या अमिनो आम्लाशी जोडलं जाऊन एक रेणू बनतो. तो लठ्ठ उंदरांना टोचला तर त्यांनी खाणं कमी केलं. शर्यतीच्या घोड्यांच्या रक्तातही धावल्यावर तो वाढलेला सापडला. माणसांमध्ये सर्वात जास्त वाढला तो जीव तोडून मारलेल्या छोट्या धावांनंतर, मग वजनांनंतर, आणि सर्वात कमी लांब पल्ल्याच्या सावकाश व्यायामानंतर. माणसाच्या भुकेत त्याचा वाटा केवढा, यावर काम चालू आहे.

सांजवात

सगळे भूक कमी कशी होईल यावर बोलतायत, म्हणून भीत-भीत लिहितेय. माझी मुलगी सोळा वर्षांची, १५०० मीटर पळते, जिल्ह्याला निवड झालीय. सकाळ-संध्याकाळ सराव. सरावानंतर तिला भूकच नसते. डबा तसाच परत येतो, म्हणते 'आई, खरंच नाही लागली'. मी खोटं समजायचे, आता वाचून कळतंय की खरं असेल. पण गेले चार महिने तिची पाळी आलेली नाही. प्रशिक्षक म्हणतात खेळाडू मुलींचं असं होतंच, उलट हलकी झाली की वेळ सुधारते. मार्चमध्ये पायाच्या नळीचं हाड दुखत होतं, फोटोत बारीक चीर निघाली होती.

प्रयोगवही

सांजवात, भिऊ नका, पण उशीरही करू नका. 'होतंच' हे उत्तर चुकीचं आहे. ज्या तंत्राने तळ्यातमळ्यात यांना टेकडीनंतर पोहे नको होतात, तेच तंत्र वाढत्या वयाच्या, दोनदा सराव करणाऱ्या मुलीत सारखं चालू राहिलं की शरीराला खर्चाइतकं मिळतच नाही. मग शरीर ज्याच्यावाचून आज भागेल ते बंद करतं. आधी पाळी, मग हाडांची भरणी. पाळी थांबणं आणि हाडाला चीर, या दोन गोष्टी एकमेकींच्या सोबतच चालत आल्या आहेत. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला वेगळं नावच दिलं, खेळातली सापेक्ष ऊर्जातूट. मुलग्यांमध्येही होते.

स्त्रीरोगतज्ज्ञ आणि क्रीडावैद्यक जाणणारे डॉक्टर, दोघांना दाखवा. तोवर एक करा: भूक लागण्याची वाट बघायची नाही. अशा खेळाडूने घड्याळ बघून खायचं असतं. आणि चावायला नको होतं तर पातळ द्या.

तालीमवाला

ताई, सरावाच्या पिशवीत बाटली घाला. दूध, केळं, भिजलेले बदाम, खजूर, सगळं मिक्सरमधनं काढून. थोडी वेलची. मैदानावरच पाजायचं, घरी येऊन नव्हं. पोरगी नको म्हणणार नाही, बघा. आणि प्रशिक्षकांना सांगा, आमचे वस्ताद पोरानं खुराक नाही घेतला तर मातीत उतरू द्यायचे नाहीत.

सांजवात

शनिवारची अपॉइंटमेंट घेतली. बाटली आज दिली, रिकामी परत आली. धन्यवाद, सगळ्यांचेच.

कडूलिंब

माझा सूर मागे जरा जास्तच कडू लागला. सांजवात, मुलीला शुभेच्छा.

तळ्यातमळ्यात

तीन आठवड्यांनी परत आलेय. अहवाल सादर.

एक. तलावाच्या जीवरक्षकाकडे पाण्याच्या तापमानाची चौकशी केली तर तो म्हणाला 'गार आहे की'. मग लेकीच्या फिशटँकचा थर्मामीटर पिशवीतून नेला. सकाळी सहा दहाला २१ अंश. लोक बघत होते.

दोन. आता पोहून आले की आधी ऊन पाण्याने अंघोळ, मग स्वेटर, मग थर्मासमधला आल्याचा चहा, काठावरच बसून. डब्यात दोन उकडलेली अंडी किंवा मुगाचं धिरडं. धिरडं गार झालेलं असतं, पण त्या वेळी मला चपलेचा तुकडाही गोड लागेल. एवढं झालं की सव्वासातची ती गिधाडं परत कावळ्यांवर येतात.

तीन. टेकडीच्या दिवशी उलटी अडचण होती हे तुमच्यामुळे कळलं. सकाळी काही जात नाही म्हणून मी तशीच ऑफिसला जायचे आणि अकरा वाजता कॅन्टीनचे सामोसे हाणायचे. म्हणजे वडापाव फक्त तलावाच्या खात्यावर लिहीत होते, टेकडीचे सामोसे बेहिशेबी होते. आता साडेनऊला दही-पोहे नेते. सामोसा अजून पूर्ण सुटला नाही.

वजन साडेबाहत्तरच आहे. उतरलं नाही, चढायचं थांबलंय.

परवा गाडीवाल्याने विचारलं, 'ताई, गावाला गेला होता का?' फार वाईट वाटलं. दोन्ही बाजूंनी. एक घेतला.

निशाचर

एक घेतलात ते ठीक. ठिकाण अजून कळवलेलं नाही.